मिठाचा वास

आमच्या घरात स्वयंपाक चाखून बघत नाहीत. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी आमटीचा थेंब जरी जिभेला लागला, तरी सगळं उष्टं. लग्न होऊन मी थेरगावात आले तेव्हा आत्यांनी मला पहिल्याच दिवशी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, उभं करून सांगितलं होतं, "चाखायचं न्हाई. वास घ्यायचा. मीठ वासाला कळतं." आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्या माहेरासासरी सासूला आत्याच म्हणतात. मला हसू आलं होतं. मिठाला कसला आलाय वास? पण हळूहळू कळायला लागलं. आळणी आमटीची वाफ नुसतीच गरम असते. मीठ पडलं की त्याच वाफेत डाळ वेगळी, फोडणी वेगळी, कोथिंबीर वेगळी होऊन नाकात येते. वर्षभरात मी वासावर मीठ घालायला शिकले, आणि माहेरी जाऊन त्याचा तोराही मिरवून आले.

हे सगळं नाक होतं तोवर.

माझं नाक एका दिवशी गेलं नाही. भाडेकरू घर सोडताना सामान थोडं थोडं हलवतो, तसा वास गेला. आधी सर्दी यायची आणि जायची. मग यायची आणि जायचीच नाही. कपाळ जड, गालाची हाडं दुखणारी, रात्री तोंड उघडं टाकून झोप. मी चाकणला एका कंपनीत स्टोअरला आहे, रोज डांगे चौकातून कंपनीच्या बसने जाते. तो रस्ता आणि त्यावरची धूळ यांच्याबद्दल मी काही बोलत नाही, एकदा सुरू झाले की थांबत नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी दर वेळी अँटिबायोटिक दिलं. दर वेळी आठवडाभर बरं वाटलं. हे, म्हणजे माझे यजमान, गेले तेव्हा उदबत्तीचा वास मला येत होता, एवढं नक्की आठवतं. त्यानंतर कधीतरी एका सकाळी पोळी जळून काळी झाली आणि मी तिच्यासमोर उभीच होते.

मूलबाळ नव्हतं. हे गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात मी आणि आत्या दोघीच उरलो. चाखायचं नाही आणि वासही येत नाही, अशा बाईने स्वयंपाक करायचा कसा? मी एकदा म्हटलंही, "आत्या, आता तरी चाखू द्या. देव काय म्हणणार आहे?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीपासून त्या स्वतःच ओट्याशेजारी स्टूल टाकून बसायला लागल्या. मी पातेल्यावरचं झाकण काढायचे, त्या डोळे मिटून मान पुढे करायच्या. "मीठ कमी हाय." "कढीपत्ता जुना हाय, वासच न्हाई त्याला." "लसूण करपतोय बघ, उतरव." दूध नासलंय, भाजी आंबली, शेजारी कुणीतरी सुकट भाजतंय, गॅसचं बटण नीट बंद नाही, सगळं मला आत्यांकडून कळायचं. माझं नाक त्यांच्याकडे ठेवायला दिल्यासारखं होतं.

वास जाण्यातलं एकटेपण लोकांना समजत नाही. डोळे गेले तर लोक हात धरतात. वास गेला म्हटलं की हसतात, "बरंय की, कचरा डेपोजवळून जाताना त्रास नाही." पण वास गेला की जग काचेपलीकडे जातं. सगळं दिसतं, आपल्यापर्यंत काही येत नाही. कंपनीत कुणाचा डबा उघडला की सगळ्यांच्या माना वळायच्या, माझी तशीच. आपण तिथे असूनही बोलावलेले नाही, असं मला दिवसभर वाटायचं.

आणि खरोखरच बोलावणं कमी होत चाललं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पूर्वी रोज संध्याकाळी चहाला यायच्या. त्या आता दारातूनच बोलायच्या. "आत या की," म्हटलं तर, "नको हो, गॅसवर ठेवलंय." दर वेळी गॅसवर काय असतं एवढं? गणपतीत लोक प्रसाद हातात घेऊन जिन्यातूनच परत फिरले. कामाच्या बाईने पाठदुखीचं कारण सांगून काम सोडलं आणि वरच्या मजल्यावर धरलं. मी मनाशी हिशेब लावला होता. पार्किंगवरून मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये जरा मोठ्याने बोलले होते. जरा म्हणजे बरंच. तोंडाने फटकळ बाई, त्यात विधवा, कोण येणार चहाला? बसमध्येही माझ्या शेजारची जागा शेवटी भरायची. मी सारखी शिंकत असते, म्हणून असेल. संक्रांतीला स्टोअरमधल्या एका मुलीने मला हळूच सेंटची बाटली दिली. मी हसले, "अगं, मला वास येत नाही, आंधळीला आरसा कशाला?" ती लाजली आणि आपल्या कामाला निघून गेली. बाटली मी कपाटात ठेवून दिली.

आत्यांचं देवाधर्माचं मात्र त्याच सुमाराला फार वाढलं. सकाळ-संध्याकाळ धूप. मग दुपारीही. डांगे चौकातून दर आठवड्याला मी धुपाची पाकिटं आणत होते. त्यांच्या खोलीचं दार लावलेलं असायचं, आणि कोपऱ्यावरच्या देवळातही त्या जाईनाशा झाल्या. विचारलं तर गुडघे. माझ्या आधी उठून, आंघोळ करून, स्वतःची लुगडी स्वतः धुऊन टाकायच्या. या वयात कशाला, म्हणून मी रागवायचे. "माजं मला करू दे," एवढंच उत्तर.

शेवटी कपाळदुखीने बसमध्येच उलटी झाली, तेव्हा मी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. पिंपरीत त्यांचा दवाखाना आहे. बारीक चणीच्या, घाईत नसलेल्या बाई. नाकात दुर्बीण घालून त्यांनी मला पडद्यावर माझंच नाक दाखवलं. सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट कोंब लटकत होते.

"तुम्ही इतकी वर्षं जंतू मारताय," त्या म्हणाल्या, "आणि दुखणं जंतूंचं नाहीच. तुमचं शरीर तिथे स्वतःशी भांडतंय. धूळ आली, धूर आला की नाकाच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना हाका मारतात. मदत जमते, रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी झिरपतं, अस्तर सुजतं. सुजलं की सायनसची दारं बंद. आतलं आत साचतं, त्याने अजून सूज. मूळ कारण गेलं तरी हाका थांबत नाहीत."

मी म्हटलं, "म्हणजे आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं. प्रश्न मिटतो, पण घरी कुणी जात नाही."

त्या हसल्या. "स्टिरॉइड ती मीटिंग मोडतं. पेशीच्या आत जाऊन हाका मारणंच थांबवतं. मग जमलेले पांगतात, सूज ओसरते, कोंब आकसतात. वास ओळखणाऱ्या नसा नाकाच्या छताला असतात. तुमच्या बहुतेक शाबूत आहेत, तिथवर हवाच पोचत नाहीये."

स्टिरॉइड म्हटल्यावर माझा चेहरा पडला असावा. त्यांनी समजावून सांगितलं. गोळ्या थोडेच दिवस, कारण गोळी सगळ्या अंगात फिरते. साखर वाढवते, झोप उडवते, हाडं पोकळ करते. म्हणून आधी साखर आणि रक्तदाब तपासायचा, गोळी सकाळी नाश्ता करूनच घ्यायची, सांगितल्याबरहुकूम घ्यायची आणि मनाने वाढवायची नाही. मग स्प्रे आणि नाक धुणं. त्यातलं औषध तिथल्या तिथे काम करतं, अंगात फारसं जात नाही, पण ते रोज, महिनोन्महिने. "गोळीने दार उघडायचं, स्प्रेने उघडं ठेवायचं."

"स्प्रे मी पूर्वी केलाय. काही उपयोग झाला नाही."

"करून दाखवा."

मी मान मागे टाकली, स्प्रेचं टोक नाकात सरळ वर धरलं आणि जोरात हुंगलं.

"हे सगळं घशात गेलं," त्या म्हणाल्या. "मान खाली. डाव्या नाकपुडीला उजवा हात, टोक कानाच्या दिशेने. हुंगायचं नाही. आणि चार दिवसांत सोडायचा नाही." मग कागदावरून मान वर करून विचारलं, "घरात धूर असतो?"

"सासूबाई धूप घालतात. देवभक्त आहेत फार."

"तो बंद करा."

त्यावरून घरी आमचं पहिलं मोठं भांडण झालं. मी म्हटलं धूप बंद, त्या म्हणाल्या न्हाई. मी म्हटलं, "देव माझ्या नाकापेक्षा मोठा आहे का?" त्या म्हणाल्या, "व्हय." आणि दार लावून घेतलं. मला इतकं लागलं ते! ज्या बाईला रोज गरम जेवण रांधून वाढते, तिला माझ्या दुखण्यापेक्षा धूप प्यारा. 

गोळ्या सुरू झाल्या. कंपनीत एक जण म्हणाला, "मॅडम, स्टिरॉइड? जिम लावली काय?" दुसऱ्याने किडनीची भीती घातली. मला भूक लागायला लागली, झोप कमी झाली. चिडचिड वाढेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण माझ्या बाबतीत तो फरक कुणाच्या लक्षात आला नाही.

रोज संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की आत्या हॉलमधल्या कॉटवरून विचारायच्या, "आला का वास?"

"नाही अजून."

"येईल, येईल," म्हणायच्या आणि माझ्याकडे बघत राहायच्या. मला बरं वाटायचं. भांडण झालं तरी वाट बघतायत.

आणि एका दुपारी वास आला. स्टोअरमध्ये मी पार्ट्सचं खोकं उघडलं. लोखंडाला गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, त्याचा कडवट, जड वास थेट कपाळापर्यंत चढला. मी खोक्यात तोंड घातलं. पोरं बघत होती, बघू देत. तेलाच्या त्या घाणेरड्या वासाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकामागून एक सगळे यायला लागले. पुठ्ठा, रबर, कुणाचं तरी केसांचं तेल, कँटीनच्या चहातलं आलं. परतताना मोशीच्या पुलावर नदीची दुर्गंधी आली म्हणून सगळ्यांनी बसच्या खिडक्या ओढून घेतल्या. मी माझी उघडली. डांगे चौकात उतरून भाजीवाल्याकडे मी मेथीची जुडी नाकाला लावून उभी राहिले, तो म्हणाला, "ताई, ताजीच हाय." मला माहीत होतं ताजी आहे! इतक्या दिवसांनी मी पहिल्यांदा स्वतःच्या नाकाने पारखून मेथी घेतली, आणि तीन मजले धापा टाकत चढले. आत्यांना सांगायचं होतं. या जगात दुसरं होतं कोण सांगायला?

दार उघडलं आणि वास आला.

मुताचा वास. नुसता आजचा नाही, जुना, मुरलेला, भिंतीत, पडद्यात, सोफ्यात बसलेला. त्यावर धूप. खूप धूप. मी तशीच दारात उभी राहिले. वहिनींचा गॅस, जिन्यातला प्रसाद, कामवालीची पाठ, बसमधली जागा आणि ती सेंटची बाटली, सगळं त्या एका श्वासात माझ्यापुढे आलं. मी ओढणी नाकाशी नेली. माझे कपडे आत्यांच्या लुगड्यांबरोबर घरातल्याच दोरीवर वाळायचे. ओढणीलाही तोच वास होता.

आधी मला भयंकर राग आला, तो लपवत नाही. घरातला, गल्लीतला, पातेल्यातला प्रत्येक वास मला सांगणाऱ्या या बाईने हा एक तेवढा सांगितला नव्हता. माझी माणसं तुटली, मी स्वतःला फटकळ म्हणून दोष देत राहिले, आणि धुराने माझंच नाक अजून सुजवलं. मेथीची जुडी फेकून द्यावी असं वाटलं.

आत्या कॉटवर बसल्या होत्या. लुगड्याचा घोळ पायाभोवती घट्ट ओढलेला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "आला का वास?"

तेव्हा मला त्यांचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला. त्या वाट बघत नव्हत्या. त्या रोज संध्याकाळी भीत होत्या. सगळं जग नाक धरून लांब गेलं होतं, आणि या घरात एकच माणूस होतं ज्याच्याशेजारी त्यांना लाज न बाळगता बसता येत होतं. माझं नाक परत आलं की तेही जाणार होतं.

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही."

"येईल, येईल," आत्या म्हणाल्या. पायाभोवतीचा घोळ सैल झाला.

मी मेथी केली. त्या स्टुलावर येऊन बसल्या, डोळे मिटून मान पुढे केली. "मीठ कमी हाय." मीठ बरोबर होतं, मला कळत होतं. मी अजून चिमूटभर घातलं. भाजी खारट झाली, आम्ही दोघींनी गुपचूप खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या दुखण्याला कामाला लावलं. म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय, धुळीने नाक सुजतं, म्हणून घरातल्या चादरी रोज मशीनला, पडदे काढायचे, गाद्या बदलायच्या, गादीला धुता येणारं अस्तर घालायचं, खिडक्या दिवसभर उघड्या. आत्या म्हणाल्या, "तुज्या नाकासाठी व्हय?" मी म्हटलं, "तर काय! भारी नखऱ्याचं नाक आहे माझं." मग गुडघे दाखवायला म्हणून त्यांना एका बाई डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांना मी आधीच फोन करून ठेवला होता. त्यांनी मला बाहेर बसवलं आणि एकट्या आत्यांशीच बराच वेळ बोलल्या. आत्या बाहेर आल्या त्या पिशवीत कागदात गुंडाळलेलं मोठं पाकीट आणि थोड्या गोळ्या घेऊन.

"गुडघ्याचं औषध हाय," त्या म्हणाल्या.

"बरं," मी म्हटलं.

धूप हळूहळू सकाळपुरता उरला. माझ्या स्टिरॉइडच्या गोळ्या संपल्या, तेव्हा मला भीती वाटली की सगळं पुन्हा जाईल. थोडं गेलंही. पण मी रोज उकळून गार केलेल्या पाण्यात खारट पूड आणि औषधाची छोटी कुपी घालून नाक धुते आणि मान खाली घालून स्प्रे मारते. एकदाही चुकवलं नाही. काही दिवस वास धूसर असतो, काही दिवस लख्ख. ज्याच्यासाठी इतकी वर्षं तळमळले ते परत आलं, आणि ज्या घरात ते सांगायचं तिथेच मुकाट बसावं लागलं. मोगरा फुलला तरी तोंड कोरं ठेवायचं. शेजारच्या घरात बेसन भाजत असलं तरी आत्यांनी सांगेपर्यंत थांबायचं, मग म्हणायचं, "हो का?" वास नसताना एकटी होते, तशीच वास असतानाही राहिले. वहिनी मध्यंतरी एकदा उंबऱ्याच्या आत आल्या, सोफ्याच्या कडेवर टेकल्या आणि चहा पिऊन गेल्या. मी त्यांना काही विचारलं नाही.

परवा सुट्टी होती. मी बेडरूममध्ये दार लोटून कपडे आवरत होते. आत्या कॉटवर पेंगत होत्या. गॅसवर दूध ठेवलेलं मी विसरले होते. एकदम दूध लागल्याचा वास आला आणि मी विचार न करता धावले, बटण बंद केलं. दूध पातेल्याच्या कडेला येऊन थांबलं होतं. एक थेंबही बाहेर सांडला नव्हता.

वळले तर आत्या जाग्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या. त्या लोटलेल्या दाराकडे त्यांनी पाहिलं, मग पातेल्याकडे.

 मी फडकं घेऊन कोरडाच ओटा पुसायला लागले.

"दूध वर येताना ऐकू आलं व्हय तुला?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "ऐकू आलं."

"मलाबी तसंच वाटलं," आत्या म्हणाल्या. मग त्या कॉटवर सावकाश थोड्या बाजूला सरकल्या आणि त्यांनी माझ्यासाठी शेजारी जागा केली.